किती देते?

"किती देते ओ?" म्हाताऱ्याने विचारलं. दलाल म्हणाला, "लिटरला वीस देते की." तिथेच निम्मा व्यवहार झाला.

तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पलीकडे, उद्यमबागच्या वाटेवरचं एक गॅरेज. जुलैची झड लागलेली, पत्र्यावर तडतड चाललेली, खाली फरशीवर ऑइल आणि पावसाचं पाणी एक झालेलं. खानापूरकडून आलेले बापलेक जुनी गाडी बघत उभे होते. २०१३ ची, पांढरी, हजार सीसीची, तीन सिलिंडरची, उंच छपराची. बेळगावात दर दुसऱ्या गल्लीत अशी एक सापडते, नाव सांगायला नको. मुलाने डॅशबोर्डचा कप्पा उघडला तर आत एक वही. दोनशे पानी, पुठ्ठ्याला चिकटपट्टी लावलेली. त्याने पहिलं पान उलटलं न उलटलं तोच दलालाने ती अलगद काढून घेतली. "ते जुनं सोडा ओ, इंजिन बघा." वही जुन्या ऑइल फिल्टरांच्या खोक्यात पडली. बापलेकांनी एक चक्कर मारली, एसी लावला, हॉर्न वाजवला, काचा वरखाली केल्या, आणि एक लाख पंच्याऐंशी हजाराला सौदा ठरला. गाडी वाईट नव्हती. दलालानेही मोठी लबाडी केली नव्हती, मीटर वहीशी जुळत होतं. तरी ती वही खोक्यात पडतानाचा आवाज काही डोक्यातून जाईना.

मिस्त्रीने नंतर ती उचलली, फडक्याने पुसली आणि चाळायला दिली.

आत एका माणसाची बारा वर्षं होती. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, आणि शेवटच्या रकान्यात 'फु', म्हणजे टाकी फुल्ल. पद्धत जुनीच. नोझल आपोआप बंद पडेपर्यंत भरायचं, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, पुढच्या वेळी तसंच भरून गेलेल्या किलोमीटरना बसलेल्या लिटरनी भागायचं. नोझल बंद पडल्यावर 'राउंड करा' म्हणून आणखी दाबून भरलं की हिशेब चुकतोच, शिवाय टाकीतली वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये पेट्रोल शिरतं आणि पुढे गाडी सुरू करताना खोकायला लागते. एका टाकीवर विश्वास ठेवायचा नसतो, दोन किलोमीटर इकडचे तिकडे होतात. पाच टाक्यांची सरासरी काढली तर ती बोलते. या वहीत कोल्हापूरची फेरी असेल तिथे १९.४ दिसतो, शाळा आणि बाजार एवढंच असेल तिथे १३.२. टिळकवाडीतून कॅम्पात चार किलोमीटर जायचं तर इंजिन पुरतं तापायच्या आतच गाडी बंद होते, आणि गार इंजिनला कॉम्प्युटर मुद्दाम जादा पेट्रोल देत असतो. म्हणून जवळची गाडी महाग पडते. सगळी बेरीज करून सरासरी निघते १६.५. वीस कुठेच नाही.

या आकड्याचं आपल्याकडे भलतंच वेड. मुलगी बघायला गेल्यावर शिक्षण विचारावं तसं गाडी बघायला गेलं की एव्हरेज विचारायचं, आणि उत्तर ऐकून मान हलवायची. वहीतले आकडे कागदावर मांडून पाहिले. गाडी घेतली ४ लाख ३० हजारांना, विकली १ लाख ८५ हजारांना. घसारा २ लाख ४५ हजार. चालली १ लाख १६ हजार किलोमीटर. पेट्रोल जवळपास ७,०३० लिटर. २०१३ पासूनच्या चढउताराची सरासरी लिटरला ८५ धरली तर सुमारे ५ लाख ९७ हजार. विमा १ लाख ५ हजार. सर्व्हिस आणि दुरुस्ती मिळून १ लाख ९५ हजार. टायरचे दोन संच, ४२ हजारांवर आणि ८३ हजारांवर, साडेबत्तीस हजार. एकूण पावणेबारा लाख. किलोमीटरला दहा रुपये तेरा पैसे पडले, त्यातले पेट्रोलचे पाच रुपये पंधरा पैसे. म्हणजे 'किती देते' या प्रश्नात निम्मीच गाडी येते. हीच गाडी खरोखर दोन किलोमीटर जादा देत असती तर बारा वर्षांत साधारण पासष्ट हजार वाचले असते. महिन्याला साडेचारशे. तेवढ्यासाठी चांगल्या, नीट राखलेल्या गाड्या नाकारणारी माणसं रोज दिसतात.

मिस्त्रीचं म्हणणं त्याहून थोडक्यात. "गाडी देत काय नाही, घेते नुसती."

२०२३ नंतरची पानं बघताना एक गोष्ट लक्षात आली. तोच रस्ता, तोच माणूस, पण एव्हरेज १६.८ वरून हळूहळू १६.१ वर. वहीत कारण लिहिलेलं नाही. कारण निपाणी, चिकोडी, अथणीच्या शेतांत उभं आहे. गळिताच्या हंगामात रात्री संकेश्वरच्या पुढे निघालं की बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉल्या अंगावर येतात, तोच ऊस पुढे इथेनॉल होऊन आपल्या टाकीत येतो. लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ताकद. दहा टक्क्यांच्या जागी वीस टक्के मिसळलं की निव्वळ हिशेबाने साडेतीन टक्के एव्हरेज गेलं, त्यात गाडीचा दोष नाही. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील या मिश्रणासाठी बनवलेले नाहीत, एवढं मात्र ध्यानात ठेवावं. टाकीपासून इंजिनपर्यंतचा पाइप बोटाने दाबून बघायचा. चिकट लागला किंवा बारीक भेगा दिसल्या तर बदलायचा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नये. इकडचा शेतकरी आपल्याच उसाचं पेट्रोल विकत घेतो आणि एव्हरेज पडलं म्हणून कुरकुरतो, ही गंमत निराळी.

स्वस्त पेट्रोलचा नाद तर हद्दीवरच्या माणसाला जन्माचाच. गोव्यात पेट्रोल पाच-सहा रुपयांनी स्वस्त, म्हणून टाकी तिकडेच भरावी असं सांगणारे खूप. पस्तीस लिटरच्या टाकीत दोनशे रुपये वाचतात. चोर्ला घाटातून हद्द पन्नास-साठ किलोमीटरवर, जाऊन येऊन सातशेचं पेट्रोल. बांगडे आणायला जाणार असाल तर जरूर भरा.

वहीचा उजवा भाग दुरुस्त्यांचा, आणि खरी गाडी तिथे भेटते. ५१,२०० वर नोंद आहे: 'डावा लोअर आर्म, बुश दोन, प्रेस, एकूण ६२०'. लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून धरणारा लोखंडी हात, बुश म्हणजे त्यात बसणारं रबरी कडं. ही बेळगावातच होणारी गोष्ट. उद्यमबागेत फौंड्री आणि मशीन शॉप इतकी, की मिस्त्री पोराला आर्म घेऊन पाठवतो, हायड्रॉलिक प्रेसवर जुना बुश निघतो, नवा बसतो, आणि चहा संपेतो आर्म परत. शोरूममध्ये अख्खा आर्म बदलतात. दोन्ही बरोबर, फक्त केव्हा काय ते कळलं पाहिजे. आर्म चाकाकडे जोडणारा बॉल जॉइंट हाताने हलवल्यावर घट्ट असेल तर बुश पुरतो. जॉइंट ढिला असेल आणि आर्मलाच रिव्हेटने जोडलेला असेल तर बुशवर घातलेले पैसे पाण्यात. ७४,००० वर दोन्ही आर्म पूर्ण बदलल्याची नोंद आहे. म्हणजे आधीच्या सहाशे वीस रुपयांत तेवीस हजार किलोमीटर निघाले. मागचे ब्रेक ड्रमही लेथवर साफ करून घेतलेले. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा ओतीवातच उमटवलेला असतो. त्याच्या पलीकडे कापला तर पातळ ड्रम तापून वाकडा होतो आणि पेडल पायाखाली थरथरायला लागतं.

काही ठिकाणी आकड्यांच्या जोडीला एखादं वाक्य आहे. ऑगस्ट २०१४: 'हँडब्रेक लावून चार दिवस उभी केली, चाक जाम. पावसात दगड लावावा.' बरोबर आहे. ओल्या ड्रमला लायनर गंजून चिकटतो, मग गाडी सोडवताना लायनर पट्टीपासून उखडतो. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावणं पावसाळाभर चांगलं. नोव्हेंबर २०१५, भाताची सुगी: 'उंदराने ऑक्सिजन सेन्सरची वायर तोडली, १,१००. निपाणीची तंबाखू ठेवली.' पुढच्याच नोव्हेंबरात पुन्हा वायर. मिस्त्री म्हणतो, तंबाखूने उंदीर तरतरीत होतात. त्याचा उपाय साधा. रात्री गाडी लावल्यावर इंजिन गार होईपर्यंत बॉनेट उघडं ठेवायचं, उंदराला ऊब आणि अंधार लागतो. एसीची हवा आत येते त्या तोंडाला बारीक तारेची जाळी लावायची. बैलहोंगलाकडची एक फेरी आहे, २०१७ ची: 'ऐंशीच्या वर स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंगला नेली. रिमच्या आत माती सुकलेली. काढली, फुकट.' ती काळी माती रिमच्या आतल्या बाजूला एका अंगाला बसते आणि वाळून दगड होते, चाकाचा तोल जातो. खानापूरकडच्या तांबड्या मातीची तऱ्हा वेगळी, ती धूळ होऊन एअर फिल्टरमध्ये जाते. फिल्टर हवेने मारताना आतून बाहेर मारायचा. बाहेरून मारला तर धूळ कागदात खोल रुतते.

७८,४०० वर क्लच. 'प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, मजुरीसह ७,९००.' खाली अधोरेखित: 'घाटात हाफ क्लच धरायचा नाही.' हे वाक्य लिहिताना चोर्ल्याच्या वळणावर ट्रकमागे अडकलेला तो माणूस आणि नाकात शिरलेला तो जळका वास समोर आला असणार. क्लच जायला आला की नाही ते पाच सेकंदांत कळतं. सपाटीवर, समोर मोकळी जागा ठेवून हँडब्रेक करकचून ओढायचा, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचा. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं तर प्लेट धरतेय. घरघरत राहिलं तर प्लेट घसरतेय. ही तपासणी रोज करायची नसते, तिनेही प्लेट झिजते. उतरतानाचा नियम साधा: ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांचं ब्रेक ऑइल उकळतं, आणि दोन वर्षांत बदललेलं नसेल तर त्यात मुरलेल्या पाण्यामुळे आणखी लवकर उकळतं.

त्या माणसाची चूकही वहीत आहे. मे २०१९ एसी गॅस १,८००. मे २०२१ गॅस २,०००. एप्रिल २०२२ गॅस २,२००. जून २०२२ कूलिंग कॉइल ६,५००. एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो, तो कुठून तरी जात असतो. पहिल्याच वर्षी नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधली असती तर सहा हजार तरी वाचले असते. एवढा हिशेबी माणूस, पण गॅस भरणाऱ्याच्या 'होऊन जाईल ओ'ला तीनदा फसला. का कोण जाणे, ते पान वाचून तो जरा जवळचा वाटला.

एप्रिल-मे २०२० कोरं आहे. मग जून: 'बॅटरी, ३,९००.'

बारा वर्षांत टायर सोडले तर एकाही पानावर दहा हजारांचा आकडा नाही. तरी लोक म्हणतात, जुनी गाडी म्हणजे पांढरा हत्ती. मिस्त्रीच्या टेबलावर वीस हजारांचं एस्टिमेट आलं की मालकाचा चेहरा पडतो, त्यापेक्षा नवीच घेऊ, हप्त्याने जाईल. आठ लाखांची नवी गाडी एक वर्ष जुनी झाली की मोटार विम्याच्या कोष्टकात तिची किंमत २० टक्क्यांनी उतरते. एक लाख साठ हजार, गॅरेजचं तोंडही न बघता. तो पैसा खिशातून जाताना दिसत नाही म्हणून दुखत नाही. बुशचे सहाशे रुपये हातात काळं तेल घेऊन मागतात, म्हणून दुखतात. नवी घेऊच नये असं मुळीच नाही. दोन एअरबॅग, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस ही २०१३ च्या या गाडीत नसलेली चीज आहे, आणि हायवेला रोज जाणाऱ्याने तेवढ्यासाठी गाडी बदलली तर ते पटतं. दुरुस्तीच्या भीतीने बदलणं तेवढं पटत नाही.

डिझेलचंही तसंच. फियाटचं ते तेराशे सीसीचं इंजिन मारुतीने २०२० च्या एप्रिलपर्यंत वापरलं, तेव्हाच्या गाड्या अजून गावोगाव पळतात आणि वीस-बावीस देतात, हे खरं. आज मात्र आधी महिन्याचं रनिंग मोजावं. पेट्रोल सोळा आणि डिझेल वीस देत असेल तर आजच्या दरात किलोमीटरमागे पावणेदोन-दोन रुपये सुटतात. गाडी सव्वा लाखाने महाग असेल तर पासष्ट हजार किलोमीटरनंतर बरोबरी. महिन्याला आठशे किलोमीटर फिरणाऱ्याला सात वर्षं लागतील. वर बीएस सिक्स, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या, डिझेलला धुराची काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो स्वतःला जाळून साफ करतो, त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं सलग बऱ्या वेगाने गाडी पळावी लागते. शहापूर ते कॅम्प करणाऱ्याची ती साफसफाई दर वेळी अर्धी राहते, दिवा लागतो, आणि मग मोठं बिल. निपाणी-बेळगाव रोज करणाऱ्याने डिझेल घ्यावं, गल्लीतल्या माणसाने नको. सीएनजीला इंधनाचा खर्च सगळ्यांत कमी, पण डिकी सिलिंडरला द्यायची, दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट करायची आणि घाटात मागून कोणी हॉर्न मारला तर मनाला लावून घ्यायचं नाही.

आणि पाटीचा प्रश्न. आपल्याकडे गाडीचा नंबर बघून माणसाचा गाव ठरतो. सात लाखांच्या पेट्रोल गाडीवर कर्नाटकात १४ टक्के रोड टॅक्स आणि त्यावर सेस, महाराष्ट्रात ११ टक्के. तीस हजारांचा फरक, म्हणून चंदगडच्या मामाच्या पत्त्यावर एमएच ०९ काढणारे भाचे घरोघरी. पाहुणचारापुरती गाडी असेल तर ठीक, पण बारा महिन्यांपेक्षा जास्त इथेच राहिली तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी, कर्ज असेल तर बँकेचं पत्र, इकडे गाडीच्या वयाप्रमाणे टॅक्स, आणि तिकडे भरलेल्या टॅक्सचा परतावा मागायला वेगळे हेलपाटे. मामाच्या घरी जेवणं स्वस्त पडतं, गाडी ठेवणं नाही.

जुनी घेताना या भागात आणखी एक बघायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये चिकोडी, सांगली, कोल्हापूरकडे पाण्यात बुडालेल्या गाड्या अजून बाजारात फिरतात. वरून पॉलिश चकाचक असते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, टोकाला गढूळ रेघ दिसते. सीटखालच्या रुळांना गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट बुरशी. हे सगळं बघायला दहा मिनिटं लागतात. त्या दिवशी बापलेकांनी हॉर्न बघितला होता.

ऑक्टोबरात तो मुलगा एकटाच गॅरेजवर आला. "डाव्या बाजूला खडखड वाजायलीय, बारक्या खड्ड्यात." मिस्त्रीने आडवं-उभं विचारलं. मोठ्या खड्ड्यात वाजते? नाही. पूर्ण वळवून पुढे घेताना टकटक येते? नाही. म्हणजे अॅक्सल नव्हे. वेगाबरोबर घूं घूं वाढतो? नाही. म्हणजे बेअरिंगही नव्हे. मग त्याने टेबलाच्या खणातून ती वही काढली. मागच्या कोऱ्या पानांवर एव्हाना त्याचे स्वतःचे हिशेब चढले होते, कुणाचे ब्रेक पॅड, कुणाची उधारी. त्याने वही पालटली, पुढून चाळली, बोट ठेवलं. "लिंक रॉड उजवा ९८ हजारला बदललाय. डावा कंपनीचाच हाय अजून. तोच."

मुलगा वहीकडे बघत राहिला. "ही आमच्याच गाडीची की ओ?"

वही द्यायची तर उधारी जाते, म्हणून मिस्त्री फोटो काढ म्हणाला. मुलाने ती बॉनेटवर ठेवली आणि एकेक पान मोबाइलमध्ये घ्यायला लागला. गॅरेजचा पोरगा जॅक लावून खाली शिरला. रॉडचे नट गंजलेले, स्प्रे मारून थांबावं लागलं. बाराव्या-पंधराव्या पानावर मुलाचा हात थांबला. त्याने मोबाइलमध्येच भागाकार केला, मग मागचं पान, मग पुढचं.

"सोळाच येतंय की. वीस म्हणालेला तो."

गाडीखालून पाना सरकल्याचा आवाज आला. मिस्त्रीने फडक्याला हात पुसले.

"देते की वीस. चोर्ल्यातनं गोव्याला उतरताना."